स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची घरी काळजी: आधी काय, नंतर काय

आधी एमआरआय, मग गोळ्या, मग पेन्शन अडकली म्हणून बँकेत धावाधाव, आणि सगळ्यात शेवटी बाथरूममध्ये धरायला दांडा. तोही एकदा पडून खुबा मोडल्यावर. घरोघरी साधारण हाच क्रम दिसतो. माणसं जिवाचं रान करतात, पैसाही जातो, आणि तरी जे काम पहिल्या महिन्यात सहज झालं असतं ते दोन वर्षांनी होईनासं झालेलं असतं. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच वाचा. निदान आधीच झालं असेल तर तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात केली तरी चालेल, पण दुसऱ्यातली रक्ततपासणीची यादी एकदा नजरेखालून घाला. ती अर्धवट राहिलेली घरं बरीच असतात.

## टप्पा १: डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवड्यांची वही

"हल्ली विसरायला लागलेत" एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. एक वही घ्या आणि घडलेलं लिहा. तुमचं मत लिहू नका. ‘चिडचिड करतात’ यापेक्षा ‘मंगळवारी सकाळी पेन्शन काढून आणली, संध्याकाळी पुन्हा पासबुक घेऊन निघाले, बँक बंद झाली म्हटल्यावर ओरडले’ हे वाक्य दहापट उपयोगाचं.

वहीत एवढं आलंच पाहिजे:

- सुरुवात साधारण कधी झाली. हळूहळू वाढत गेलं, की एकदम पायरी उतरल्यासारखं झालं.
- आधी जमणारं कोणतं काम आता जमत नाही: हिशेब, स्वयंपाकाचा क्रम, नेहमीचा रस्ता, फोन लावणं.
- गेल्या सहा महिन्यांत डोक्याला लागलं होतं का, अगदी किरकोळ असलं तरी.
- झोप, भूक, लघवी, दारू-तंबाखू, ऐकू येणं, चष्म्याचा नंबर.
- शाळा किती झाली आणि आयुष्यभर काम काय केलं.

घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरा. मेडिकलमधून परस्पर आणलेली सर्दीची गोळी, खाजेची गोळी, झोपेची गोळी, लघवी रोखायची गोळी, कुणीतरी दिलेलं चूर्ण, सगळं त्या पिशवीत हवं. यातल्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला गोंधळवतात, आणि नेमक्या त्याच कुणी सांगत नाही, कारण ‘ते काय औषध आहे होय?’

दोन आठवडे झाले की वहीतला मजकूर एका पानावर उतरवा आणि ते पान डॉक्टरांच्या हातात द्या. त्या माणसासमोर त्याच्या चुकांचा पाढा वाचू नका. पहिल्याच भेटीत लाज गेली की पुढच्या वेळी घरातून पाय निघत नाही.

सावधान: काल-परवापर्यंत ठीक असलेला माणूस अचानक बरळू लागला, गुंगीत जाऊ लागला, दिवसभरात कधी बरा कधी भ्रमिष्ट असं दिसू लागलं, तर वही-बिही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, अंगातलं पाणी कमी होणं अशा कारणांनी हे होतं. उपचार झाला की बऱ्याच वेळा माणूस बराचसा सावरतो. स्मृतिभ्रंश आधीपासून असलेल्यालाही हे होऊ शकतं, म्हणून ‘आजार वाढला’ असं परस्पर ठरवू नका.

## टप्पा २: तपासणी, आणि तीही ओळीने

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी असो की ओळखीचे फिजिशियन, सुरुवात तिथून करा. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ त्यानंतर. बहुतेक लोक उलटं करतात: ओळखीतून थेट स्कॅन सेंटरला जातात आणि रिपोर्टची फाईल घेऊन डॉक्टर शोधत बसतात.

पहिलं रक्त. हिमोग्लोबिनसह साधी रक्तगणना, साखर, थायरॉइड, बी-१२, सोडियम, कॅल्शियम, किडनी, लिव्हर. बी-१२ची कमतरता आणि थायरॉइड मंदावणं ही दोन्ही कारणं स्वस्तात सापडतात आणि दोन्हींवर उपचार आहे.

दुसरं कान. कानात मळ साचलेला असेल किंवा ऐकूच येत नसेल तर स्मरणशक्तीच्या चाचणीचा निकाल फसवा येतो. चष्मा आणि श्रवणयंत्र घरी विसरून तपासणीला जाऊ नका.

तिसरं स्कॅन. सीटी की एमआरआय हे डॉक्टर ठरवतील. मेंदूवर साकळलेलं रक्त, गाठ, पूर्वी कळून न आलेले पक्षाघाताचे झटके, मेंदूत साचलेलं पाणी हे त्यात दिसतं. पण ‘एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे आजार नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. सुरुवातीच्या काळात स्कॅन वयाच्या मानाने ठीकठाक दिसू शकतो. निदान होतं ते वहीतला इतिहास, चाचणी, रक्त आणि स्कॅन एकत्र ठेवून.

मग प्रश्नोत्तरांची चाचणी. ती बहुधा ३० गुणांची असते. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांचे गुण आजार नसतानाही कमी पडतात, म्हणून शिक्षण आधीच सांगा. आणि मागे उभं राहून "आबा, आज गुरुवार की!" असं सुचवू नका. मुलं हे हमखास करतात. वडील नापास झालेले त्यांना बघवत नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण अशा वेळी बाहेर थांबलेलं बरं.

निघण्याआधी विचारा: प्रकार कोणता? अल्झायमर, रक्तवाहिन्यांमुळे होणारा, लेवी बॉडी, की मिश्र? हे कुतूहलापोटी विचारायचं नाही. लेवी बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी शांत करणारी औषधं धोक्याची ठरू शकतात. उद्या अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं तर ही एक ओळ केसपेपरच्या वरच लिहिलेली हवी.

औषधांबद्दल थोडक्यात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं आजार थांबवत नाहीत. काहींना काही काळ आधार देतात. डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, जुलाब होतात, भूक जाते, काहींना भयानक स्वप्नं पडतात. स्वप्नं पडत असतील तर गोळी रात्रीऐवजी सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका.

## टप्पा ३: कागदपत्रं, पहिल्या तीन महिन्यांत

सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

निदान झालं म्हणजे त्या दिवसापासून माणसाची सही कुचकामी झाली, असं नाही. कोणता निर्णय आहे, तो त्याला समजतो का, परिणाम कळतात का, यावर ते ठरतं. सुरुवातीच्या काळात पुष्कळांना हे सगळं नीट कळत असतं. तीच वेळ गाठायची.

पहिली गैरसमजूत मुखत्यारपत्राची. ‘वडिलांनी मला मुखत्यारपत्र दिलंय, आता काळजी नाही’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो हातातून जातो. त्याच्या भरवशावर बसू नका.

करायचं ते असं:

1. पेन्शनचं आणि घरखर्चाचं खातं संयुक्त करता येतं का ते बँकेत विचारा. ‘दोघांपैकी कोणीही’ असा व्यवहाराचा पर्याय घ्या. सगळ्या ठेवी, विमा, पोस्टातली खाती यांवर नॉमिनीची नोंद आहे का ते बघा.
2. मृत्युपत्र करायचं असेल तर आताच. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. त्याच दिवसाचं, ‘व्यवहार समजून घेण्याच्या स्थितीत आहेत’ असं डॉक्टरांचं पत्र सोबत लावा. भावाभावांत पुढे वाद होतो तो नेमका याच मुद्द्यावर.
3. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि आपला प्रतिनिधी कोण, हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो. बोलणं अवघड जातं, पण त्याचं त्यानेच सांगितलेलं असलं की नंतर मुलांच्या डोक्यावर ओझं राहत नाही.
4. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, आधार, पॅन, पेन्शनची ऑर्डर एका फाईलमध्ये, आणि ती फाईल कुठे आहे हे घरातल्या दोघांना ठाऊक हवं.
5. हयातीचा दाखला नोव्हेंबरात. बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाईलवर चेहऱ्याने देता येतो. सकाळी, चहा झाल्यावर, प्रसन्न असताना घ्या.

सावधान: माणसाला काही समजत नसताना त्याचा अंगठा धरून कागदावर उठवू नका. ‘घरातलंच तर आहे’ म्हणून केलेला असा कागद पुढे टिकत नाही आणि करणाऱ्यालाच अडकवतो.

वेळ निघून गेली असेल तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. पूर्वी त्यासाठी मुंबईच्या खेपा होत्या. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं आहे. तरी खर्च आणि वेळ जातोच.

## टप्पा ४: घर

एका आठवड्यात एकच बदल करा. उत्साहाच्या भरात मुलं पुण्याहून येतात, दोन दिवसांत खोली पालटून टाकतात आणि जातात. तिसऱ्या दिवशी आजीला संडास सापडत नाही.

क्रम असा: बाथरूम, रात्रीची वाट, गॅस, दार. बाथरूममध्ये न घसरणारी चटई, भिंतीत पक्का बसवलेला दांडा (टॉवेलच्या नळीवर भार टाकला की ती निघते), आणि पाटाऐवजी पाठ असलेली खुर्ची. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा, आणि संडासाचं दार उघडं किंवा वेगळ्या ठळक रंगाचं. जुन्या पेठांतल्या घरांत उंच उंबरे आणि उभे लाकडी जिने असतात. उंबऱ्याच्या कडेला रंगीत पट्टी मारा आणि झोपायची सोय शक्यतो खालीच करा. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद.

दाराला बाहेरून कुलूप घालून कामाला जाणं हा उपाय नव्हे. आग लागली तर आतला माणूस अडकतो. कडी नेहमीच्या जागेपेक्षा वर किंवा खाली लावा, दाराला घंटी बांधा.

आणि गल्लीत सांगा. लपवून ठेवणाऱ्या घरांतलेच लोक जास्त हरवतात, असं माझं मत झालं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या दर शंभरांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. तुमच्या गल्लीत हे एकच घर नसणार. कोपऱ्यावरचा चहावाला, रिक्षा स्टॉप, किराणा दुकानदार, तालमीतली पोरं, एवढ्यांना फोटो आणि फोन नंबर द्या. सदऱ्याच्या आतून, कॉलरजवळ, नंबर शिवून टाका. खिशातली चिठ्ठी ते स्वतःच फेकून देतात.

तपासून पाहा: माणूस हरवला तर पहिल्या पंधरा मिनिटांत कोण कुठे बघणार हे ठरलंय का? जुनं घर, जुनी नोकरी, माहेर, देऊळ ही ठिकाणं आधी. त्याच वेळी ११२ ला फोन. ‘तासभर वाट बघू’ असं नको.

## टप्पा ५: अंघोळ आणि जेवण

अंघोळीवरून घरात जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरूनच होत नाहीत. बहुतेक वेळा कारण पाण्याचं नसतं, लाजेचं आणि थंडीचं असतं. आयुष्यभर नऊवारीत वावरलेल्या आक्कांना कुणीतरी येऊन एकदम उघडं करतं आणि डोक्यावर शॉवर सोडतं. त्यांनी ओरडू नये तर काय करावं?

आधी सगळी तयारी: पाणी बादलीत काढून कोपर घालून बघायचं, कपडे घालायच्या क्रमाने मांडायचे, खोली गरम. मग "अंघोळ करायची का?" असं विचारायचं नाही, कारण उत्तर ‘नको’ असंच येतं. "आक्का, पाणी काढलंय, चला की" एवढंच. खांद्यावर पंचा राहू द्या. तांब्या त्यांच्याच हातात द्या. पहिलं पाणी पायावर, मग हातावर, पाठ नंतर, डोकं शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी. पंचाखालूनच अंग पुसून घेता येतं. हट्टच धरला तर सोडून द्या आणि तासाभराने पुन्हा तेच वाक्य म्हणा. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा नियम घरच्यांचा. ओल्या फडक्याने अंग पुसलं तरी दिवस निभावतो.

जेवणात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. गिळायला त्रास होऊ लागला की घट्ट पदार्थापेक्षा पातळ पदार्थ जास्त धोक्याचा. पाणी, चहा, पातळ रस्सा यांनी ठसका लागतो आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आमटीत भाकरी कुस्करून मऊ, दाटसर घास करा. बसवून भरवा, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, आणि तोंड रिकामं झाल्यावरच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा-ओलसर येत असेल, वारंवार ताप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ताट एकाच, पण अन्नापेक्षा वेगळ्या रंगाचं घ्या. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसतच नाही.

## टप्पा ६: वागणं बदललं तर

गोळी मागण्याआधी वहीत तीन रकाने आखा: त्याआधी काय झालं, त्यांनी काय केलं, नंतर आपण काय केलं. आठवडाभरात एखादं कारण डोकं वर काढतं.

शोधायचा क्रम: दुखणं, बद्धकोष्ठता, लघवी, भूक-तहान, झोप, आवाज-गोंगाट, कंटाळा. दुखणं पहिलं ठेवलंय ते मुद्दाम. नॉर्वेतल्या नर्सिंग होममध्ये झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अस्वस्थ, आक्रमक झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर वेदनेचा पद्धतशीर उपचार केला, बऱ्याच जणांना फक्त पॅरासिटामॉल दिलं, आणि अस्वस्थता लक्षणीय कमी झाली. गुडघा दुखतो हे सांगता येत नाही, म्हणून माणूस हात उगारतो.

शिवाजी पेठेतले एक आबा पहाटे चारला उठून अंधारात लंगोट शोधायचे. घरच्यांना झोपेची गोळी हवी होती. तरुणपणी ते याच वेळी तालमीत जोर-बैठका मारत होते, हे घरातल्या कुणी या प्रकाराशी जोडलंच नव्हतं. मग दिवा लावून ठेवला, सतरंजीवर बसवून हात वर-खाली करायला लावले, वर कपभर गरम दूध. साडेपाचला आबा खुर्चीतच डुलकी घ्यायचे. गोळी लागली नाही.

दिवेलागणीला "मला घरला जायचंय" सुरू झालं तर "हेच तुमचं घर" असा वाद घालू नका. "कोण कोण आहे घरी?" असं विचारा, बोलतं करा, अंगणात एक फेरी मारून आणा. पाटल्या चोरल्याचा आळ आला तर "मी कशाला घेऊ?" न म्हणता सोबत शोधायला लागा. आळ बहुधा सर्वांत जास्त सेवा करणाऱ्यावरच येतो; तो मनाला लावून घ्यायचा नाही, हे सांगणं सोपं आणि करणं कठीण.

सावधान: शांत करणाऱ्या औषधांनी वयस्कर रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. जिवाला धोका असेल तेव्हा ती द्यावी लागतात. पण किती दिवसांसाठी आणि बंद कधी करायची, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. शेजाऱ्याची उरलेली पट्टी तर कधीच नको.

## टप्पा ७: महिन्यातून एकदा विचारणं

अल्झायमरच्या रुग्णांचं जीवनमान मोजायला संशोधक १३ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात: तब्येत, उत्साह, मन, घर, आठवण, कुटुंब, मित्र, कामं, मजा, पैसा वगैरे. ती रुग्णाला आणि सांभाळणाऱ्याला वेगवेगळी विचारतात, आणि सांभाळणारा जवळपास नेहमीच रुग्णापेक्षा कमी गुण देतो. म्हणजे आपल्याला वाटतं तेवढं त्यांना वाईट वाटत नसतं. निदान त्याच गोष्टींचं वाटत नसतं.

म्हणून त्यांनाच विचारा. सकाळी, एका वेळी एक प्रश्न, उत्तरं चारच: खराब, ठीक, चांगलं, एकदम चांगलं. ‘मजा’ आणि ‘कामं’ खराब आली तर तिथे काहीतरी करा. मेथी निवडणं, शेंगा फोडणं, फुलवाती वळणं, गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन ओळखीच्या माणसांत दहा मिनिटं उभं राहणं. वाती वेड्यावाकड्या झाल्या तरी समईत लावा, आणि त्यांना दाखवून लावा.

## टप्पा ८: सांभाळणाऱ्याची पाळी

बहुतेक घरांत ही बाई सून असते नाहीतर बायको, आणि तिला सुट्टी नसते. भावंडांनी एकत्र बसून कागदावर पाळी लिहा: कोण कोणता वार, कोण कोणता खर्च. तोंडी ठरलेलं दिवाळीपर्यंतही टिकत नाही. जो लांब राहतो त्याने पैसे द्यायचे, आणि वर्षातून निदान आठवडाभर स्वतः येऊन सगळं करायचं. सल्ले आपोआप कमी होतात.

मावशी किंवा मुलगा कामाला ठेवणार असाल तर पहिले तीन दिवस तुम्ही सोबत राहा आणि अंघोळ-जेवणाची तुमची पद्धत दाखवा. शेजारच्या गोव्यात झालेल्या एका चाचणीत, थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी घरी येऊन सल्ला-आधार दिल्यावर सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं होतं. मदतीला येणारा डॉक्टरच हवा असं नाही. झोप उडणं, सतत रडू येणं, हात उगारावासा वाटणं ही तुमचीच लक्षणं आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. ज्येष्ठांच्या योजना, तक्रारी, मार्गदर्शनासाठी १४५६७.

## पावसाळ्याआधी एक काम

नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी जूनमध्येच पिशवी भरून ठेवा: पंधरा दिवसांची औषधं, केसपेपरची झेरॉक्स, डायपर, ओळखीची चादर, एखादा घरचा फोटो, सुकं खाणं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. इतर घरं ४३ चा आकडा बघून हलत असतील. तुम्ही ३९ च्याही आधी, उजेडात, नातेवाइकांकडे पोचलेले हवेत. रात्री, पाण्यातून, अनोळखी माणसांच्या हाताला धरून निघणं हे या आजारात फार जड जातं. आणि जिथे जाणार त्या घरी मेमध्येच दोन-तीनदा मुक्कामाला नेऊन आणा, म्हणजे संडास कुठे आहे हे तरी ओळखीचं असेल.